पहिलं जिगसॉ पझल कसं निवडायचं, आणि ते कॅरम बोर्डवर का लावायचं

आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या बिल्डिंगमध्ये गेल्या दोन वर्षांत चार घरांत जिगसॉ पझलचा, म्हणजे पुठ्ठ्याचे तुकडे जुळवून चित्र पूर्ण करण्याचा, नाद लागलाय आणि चारही घरांनी पहिला बॉक्स घेताना तीच चूक केली जी मी केली होती. मॉलमध्ये गेलो, शेल्फवर जे चित्र सगळ्यात सुंदर दिसलं ते उचललं, वर 1000 तुकडे लिहिलंय म्हणजे भरपूर दिवस पुरेल असं म्हणून घरी आणलं. माझ्या चित्रात वर निळं आकाश, मधे बर्फाचे डोंगर आणि खाली तळं, आणि त्या तळ्यात परत तेच आकाश, म्हणजे सहाशे-सातशे तुकडे नुसते निळे. बॉर्डर झाली, डोंगर झाले, आणि मग सव्वा महिना तो निळा ढीग डायनिंग टेबलावर तसाच पडून होता आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो.

ते पझल मी आणलं होतं आईसाठी. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, दोन महिने तलावपाळीचा रोजचा फेरा बंद, दिवसभर टीव्ही नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप, आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास ती अगदी गप्प व्हायची. म्हणून तिच्या हातात काहीतरी द्यायचं होतं. निळ्या ढिगाने उलट झालं, ती म्हणाली मला आता हे जमत नाही गं, वय झालं. वय नव्हतं झालं, चित्र चुकलं होतं. पुढच्या वेळी मी 500 पीसचं एका बाजारपेठेचं चित्र आणलं, दुकानांच्या पाट्या, फळांच्या टोपल्या, छत्र्या, सायकली, आणि तेच माझी आई सहा संध्याकाळींत लावून मोकळी झाली. म्हणून हे सगळं लिहितेय, कारण चुकीचा बॉक्स घेऊन माणूस स्वतःलाच दोष देतो आणि परत त्या वाटेला जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर पहिली गोष्ट, भिंतीवर लावायला छान असलेलं चित्र आणि जुळवायला छान असलेलं चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुळवायला असं चित्र हवं ज्यात प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी वेगळं चाललंय. हे दुकानात तपासायची माझी पद्धत सांगते. बॉक्सचा मोबाइलवर फोटो काढा, मग तो फोटो झूम करा इतका की स्क्रीनवर बॉक्सचा साधारण नखाएवढा भाग दिसेल, आणि डोळे मिटून बोटाने इकडेतिकडे सरकवा. डोळे उघडल्यावर जे दिसतंय ते चित्रात कुठलं आहे हे सांगता येतंय का? असं दहा वेळा करा. दहापैकी सात-आठ वेळा सांगता आलं तर ते पझल मजेत होणार. चार-पाच वेळाच आलं तर थोडं अवघड पण करण्यासारखं. आणि दोन-तीन वेळा, तर ते आकाश, समुद्र, गवत, अंधार यांचं पझल आहे, त्याला अनुभव लागतो आणि मुख्य म्हणजे चिकाटी लागते जी थकलेल्या माणसाकडे संध्याकाळी नसते.

ज्यात अक्षरं आहेत, वस्तू आहेत, घरं-खिडक्या आहेत, वेगवेगळ्या रंगांचे कपडे घातलेली माणसं आहेत, ती चित्रं सोपी जातात. पुस्तकांची कपाटं, मसाल्यांच्या बरण्या, जुनी पोस्टाची तिकिटं, नकाशे हे सगळं मस्त. फ्लेमिंगोचं चित्र घेताना मात्र सांभाळून, नेरुळ-सीवूड्सला प्रत्यक्ष बघताना डोळ्यांचं पारणं फिटतं पण पझलमध्ये दोनशे गुलाबी पंख एकसारखे आणि मागे सगळं राखाडी पाणी. एकच मोठा फ्लेमिंगो आणि मागे झाडं-बिडं असतील तर चालेल, थवा नको.

आता आकड्याबद्दल. 1000 म्हणजे 500 च्या दुप्पट असं वाटतं पण वेळ दुप्पट लागत नाही, त्याहून बराच जास्त लागतो, कारण तुकडेही दुप्पट आणि प्रत्येक तुकडा बसू शकेल अशा जागाही दुप्पट. आमच्याकडे 500 ला सहा संध्याकाळी लागल्या आणि तशाच प्रकारच्या चित्राच्या 1000 ला तीन आठवडे. मोठ्या माणसाने कधीच केलं नसेल तर 300 किंवा 500 पासून सुरू करा, त्यात कमीपणा काहीच नाही. जागतिक जिगसॉ पझल चॅम्पियनशिप 2019 पासून स्पेनमध्ये वायादोलीद शहरात भरते आणि तिथे एकट्याने खेळायच्या स्पर्धेत सुद्धा 500 चंच पझल असतं, तर आपण कशाला लाजायचं. नोकरी करून, ट्रान्स-हार्बर लोकलची गर्दी खाऊन आठ वाजता घरी येणाऱ्याला रोज वीस-पंचवीस मिनिटं मिळणार, त्यात 500 पंधरा दिवसांत होतं आणि झाल्याचं समाधान मिळतं.

एक बारीकसं पण उपयोगी, बॉक्सवर 1000 लिहिलेलं असलं तरी आत नेमके 1000 असतातच असं नाही. तुकडे उभ्या-आडव्या रांगांत कापलेले असतात आणि पुष्कळ कंपन्यांचं गणित 38 गुणिले 27 म्हणजे 1026 असतं. 500 चं 27 गुणिले 19, म्हणजे 513. ज्याच्या रांगा 38 आणि 27 आहेत त्यात कडेचे तुकडे चार कोपरे धरून 126 येतात, तेव्हा कडेचे 120 सापडले आणि बॉर्डर पुरी होत नाहीये तर घाबरू नका, सहा अजून ढिगात आहेत. ही मोजणी आई करते, मला धीर नसतो.

कापण्याची पद्धतही बघा. नेहमीच्या पझलमध्ये बहुतेक तुकड्यांना चार बाजू असतात आणि त्या रांगेत बसतात, आमच्याकडे बाहेर आलेल्या भागाला कान म्हणतात आणि आत गेलेल्याला खाच, दोन कान दोन खाचा वगैरे. दुसरा प्रकार ज्यात तुकडे वेडेवाकडे कापलेले, कुठे तीन कान कुठे पाच कोपरे, इंग्रजीत त्याला रँडम कट म्हणतात. तो दिसायला अवघड वाटतो पण खरं तर आकार इतके वेगळे की एकदा बसला की बसला, चुकीचा बसत नाही. रांगेच्या स्वस्त पझलमध्ये उलटं होतं, तुकडा चुकीच्या जागीसुद्धा टक्क बसतो आणि पंधरा तुकड्यांनंतर कळतं की काहीतरी बिनसलंय. ते फार मनस्ताप देतं, विशेषतः ज्याचं मन आधीच थकलेलं आहे त्याला. त्यामुळे पुठ्ठा आणि कटिंग यावर दोनशे-चारशे रुपये जास्त गेले तर जाऊ द्या असं माझं स्पष्ट मत आहे.

चांगल्या पुठ्ठ्याची खूण काय, तर तुकडा दोन मिलिमीटरच्या आसपास जाड लागतो, कडांना भुसा कमी निघतो, वरचा छापील कागद कोपऱ्यातून सुटत नाही आणि दोन तुकडे जोडून एक उचलला तर दुसरा बरोबर येतो. दुकानात बॉक्स उघडता येत नाही, तेव्हा कंपनी बघायची. जर्मनीची रॅव्हेन्सबर्गर ही फार जुनी कंपनी, 1883 पासूनची, बॉक्सच्या कोपऱ्यात निळा त्रिकोण असतो. स्पेनची एड्यूका, इटलीची क्लेमेंटोनी, पोलंडची ट्रेफ्ल ही नावंही विश्वासाची. आपल्याकडे फ्रँक आणि फनस्कूल, मुलांसाठी आणि 500 पर्यंत मी तरी आधी हेच बघते. बाहेरचा बॉक्स दोन-तीन पट महाग पडतो, त्यामुळे पहिला इथलाच घ्या, नाद लागला तर मग वाढदिवसाला कोणी विचारलं काय हवं तर सांगून ठेवा.

अजून एक, चकचकीत छपाई नको. आपल्या हॉलमध्ये वर ट्यूबलाइट नाहीतर एलईडी असतो आणि गुळगुळीत पझलवर त्याची तिरीप येते, मान वाकडी करून बघावं लागतं आणि अर्ध्या तासात मान धरते. मॅट किंवा खरखरीत फिनिश लिहिलं असेल तर ते घ्या. बाजूने एक टेबल लॅम्प मिळाला तर सोन्याहून पिवळं.

ऑनलाइन घेताना बॉक्सच्या मागचा फोटो बघा, तयार झालेल्या चित्राचं माप सेंटिमीटरमध्ये लिहिलंय का बघा. 1000 चं नेहमीचं माप साधारण 70 बाय 50 सेंटिमीटर असतं, 500 चं 49 बाय 36 च्या आसपास. मी एकदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 1000 घेतलं, स्वस्त होतं, माप वाचलंच नाही, आणि आला तो करंगळीच्या नखाएवढ्या तुकड्यांचा मिनी प्रकार, चिमट्याने उचलायचे, आईच्या बोटांत येईनात. परत घेतलं नाही त्यांनी. त्याच बॉक्सवरचं चित्रही जवळून धूसर होतं, बरण्यांवरची अक्षरं अक्षरं नव्हतीच, नुसते गिरगोटे. झूम करून बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

आता कॅरम बोर्ड. ठाण्यात काय किंवा वाशी-ऐरोलीत काय, वन बीएचकेत पझलसाठी वेगळं टेबल कोणाकडे असतं? पण बेडमागे उभा केलेला कॅरम निम्म्या घरांत आहे. मोठ्या कॅरमची आतली जागा साधारण 74 बाय 74 सेंटिमीटर असते, म्हणजे 70 बाय 50 चं 1000 पीसचं पझल मधोमध आरामात बसतं, वर-खाली बारा-बारा सेंटिमीटर पट्टा सुटे तुकडे ठेवायला उरतो, होल कोपऱ्यात असल्याने मधे येत नाहीत, आणि लाकडी चौकटीमुळे तुकडा खाली घरंगळत नाही. सगळ्यात मोठा फायदा, पाहुणे आले की वर एक जुनी चादर टाकायची आणि अख्खा बोर्ड दिवाणाखाली सरकवायचा. फक्त आधी ओल्या फडक्याने पावडर पूर्ण पुसा आणि बोर्ड वाळू द्या, नाहीतर सगळं चित्र घसरतं. कॅरम नसेल तर प्लायवूडच्या दुकानातून 30 इंच बाय 22 इंचाचा तुकडा कापून घ्या, कडांना पॉलिश पेपर मारा, झालं काम. प्लाय पातळ चालतो पण वाकणारा नको.

तुकडे वेगळे करायला ट्रे विकत मिळतात, घेऊ नका. दिवाळीनंतर घरात मिठाईच्या बॉक्सची झाकणं असतातच, आमच्याकडे प्रशांत कॉर्नरची सात झाकणं आहेत आणि ती एकावर एक रचता येतात. कसं वेगळं करायचं हे आईकडून शिकले. ती टपाल खात्यात सॉर्टिंगला होती, तिने मला सांगितलं की पत्रावरचा सगळा पत्ता आधी वाचायचाच नाही, पिनकोडचे पहिले तीन आकडे बघायचे, जिल्हा वेगळा करायचा, गाव मग, गल्ली त्याच्याही नंतर. पझलला अगदी हेच. पहिल्या फेरीत फक्त कडेचे आणि बाकीचे. दुसऱ्या फेरीत मोठे रंग, चार-पाच झाकणं, त्याहून जास्त नाही. मग एकेका झाकणात पाटीची अक्षरं वेगळी, विटा वेगळ्या. जे सुरुवातीलाच बारा ढीग करतात ते कंटाळतात. आणि शेवटी जो एकाच रंगाचा ढीग उरतो तो चित्रावरून नाही तर आकारावरून लावायचा, दोन कानवाले एका ओळीत, तीन कानवाले दुसऱ्या, एक खाच निवडायची आणि ओळीतून एकेक लावून बघायचा. हे काम मला सगळ्यात शांत वाटतं. विचार करावा लागत नाही, हात चालू असतो.

मनाचं म्हणाल तर मी जे बघितलं ते सांगते. मोबाइल हातात नसतो ही अर्धी गोष्ट. दोन माणसं एकमेकांकडे न बघता शेजारी बसलेली असतात, हातात काम असतं, आणि मग बोलणं आपोआप निघतं. ऑपरेशनची भीती वाटली होती हे आईने मला सोफ्यावर बसून कधीच सांगितलं नाही, छत्रीचा लाल तुकडा शोधता शोधता सांगितलं. माझा मुलगा दहावीला आहे, त्याला अभ्यास कसा चाललाय विचारलं तर तुटक उत्तर येतं, पण तोच बोर्डाजवळ येऊन तीन तुकडे लावतो आणि वर्गातलं काहीतरी सांगून जातो.

पण पझलने स्मरणशक्ती वाढते, विसरभोळेपणा थांबतो असं कोणी छातीठोक सांगत असेल तर जरा थांबा. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या लोकांनी 2018 मध्ये एक अभ्यास छापला, पन्नाशीच्या पुढची 100 निरोगी माणसं घेतली, एका गटाला 30 दिवस रोज किमान एक तास पझल दिलं. पझल करताना नजर, जागेचा अंदाज, लक्षात ठेवणं अशा बऱ्याच क्षमता एकाच वेळी वापरात येतात हे दिसलं, ज्यांनी आयुष्यभर पझल केली त्यांच्यात या क्षमता चांगल्या होत्या हेही दिसलं, पण एका महिन्यात बुद्धीत काही ठळक सुधारणा झाली असं दिसलं नाही. मला हे वाचून उलट बरं वाटलं. औषध म्हणून घेतलं की त्याचा धडा होतो, रोज किती केलं याचा हिशोब सुरू होतो. आवडतंय म्हणून करा, वर्षानुवर्षं करा. आणि घरातलं कोणी दोन-दोन आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, कशातच रस उरला नसेल तर पझल आणून देऊन वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात, आणि ठाण्यात तर 1990 पासून आयपीएच सारखी मानसिक आरोग्याचं काम करणारी संस्था आहे.

कोणासाठी घेताय यावर पण बरंच आहे. मोतीबिंदू असेल, बोटं आखडत असतील तर मोठ्या तुकड्यांचं 300 किंवा 500 घ्या, बॉक्सवर लार्ज पीस किंवा एक्सएक्सएल असं लिहिलेलं असतं, आणि गडद-फिका फरक स्पष्ट असलेलं चित्र. विसरायला होतं अशा आजी-आजोबांसाठी 24 ते 100 तुकड्यांचं चालेल पण कृपा करून कार्टूनचं आणू नका. त्यांना कळतं. देऊळ, बाजार, रेल्वे, फुलं, गावाकडचं घर असं मोठ्यांचं चित्र शोधा, नाही मिळालं तर घरचाच एखादा जुना फोटो देऊन फोटो पझल बनवून घ्या, कितीतरी ठिकाणी करून मिळतं. आमच्या आत्येसाठी आम्ही तिच्या लग्नातल्या ग्रुप फोटोचं 60 तुकड्यांचं केलं, ती एकेक चेहरा लावताना नाव घेते. फोटो निवडताना साड्यांचे रंग वेगवेगळे असलेला घ्या, मागे नुसती पांढरी भिंत असलेला नको, नियम तोच.

लहान मुलांना तीन वर्षांखाली बारीक तुकडे देऊच नका, तोंडात जातात. तीन-चार वर्षांला 12 ते 24, शाळेत गेल्यावर 48-60, आठ-नऊला 100 ते 200, पण हे आपलं ढोबळ, मूल बघून ठरवा. खेळण्यांवर आयएसआय खूण 1 जानेवारी 2021 पासून सक्तीची आहे, ती बघून घ्या. नकाशाचं पझल मुलांसाठी फारच छान, मुळात जिगसॉचा जन्मच नकाशातून झालाय, लंडनच्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्या माणसाने 1760 च्या दशकात नकाशा लाकडावर चिकटवून देशांच्या सीमेवरून कापला, मुलांना भूगोल शिकवायला. फक्त आपल्याकडे नकाशाचं पझल घेताना ते जुनं नाही ना हे तपासा. महाराष्ट्राच्या नकाशात पालघर वेगळा तुकडा हवा, 1 ऑगस्ट 2014 ला आपल्या ठाणे जिल्ह्यातूनच तो वेगळा झाला आणि जिल्हे 36 झाले, तरी दुकानात 35 वाले बॉक्स अजून दिसतात. भारताच्या नकाशात तेलंगणा आणि लडाख वेगळे आहेत का बघा. जांभळी नाक्याला एका दुकानात मला जुनाच दाखवला होता, मी पालघर कुठाय विचारलं तर त्यांनी आतून नवीन काढून दिला.

पावसाळ्याचं राहिलं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पुठ्ठा फुगतो, मार्चमध्ये सहज बसणारा तुकडा जुलैमध्ये दाबून बसवावा लागतो आणि दाबला की वरचा कागद फाटतो. म्हणून झालेली पझल झिपलॉकच्या पिशवीत, आत नव्या चपला-बॅगांमध्ये येणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि माळ्यावर नाही तर कपाटात. खिडकीशेजारी बोर्ड ठेवायचा नाही. टेबलफॅनच्या झोतात पातळ तुकडे सरकतात, सीलिंगचा चालतो. गणपतीच्या आधी पंधरा दिवस 1000 काढू नका, घर आवरताना अर्धवट उचलावं लागतं आणि मग परत बसायला दसरा उजाडतो.

तुकडा हरवणं हे सगळ्यात लागतं. आमच्याकडे चपलांच्या कपाटावर एक स्टीलची वाटी कायम असते, झाडू मारायला येणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय की पुठ्ठ्याचं काहीही दिसलं, कितीही बारीक, तरी वाटीत टाका. आत्तापर्यंत अकरा तुकडे त्या वाटीतून परत मिळालेत. शेवटी एकच राहिला आणि मिळेना तर सोफ्याच्या फटीत, पायपुसण्याखाली आणि जे बोर्डाजवळ बसत होते त्यांच्या बाहीत बघा, हाताला घाम असला की चिकटून जातो.

पूर्ण झालेलं पझल चिकटवून फ्रेम करायची मला हौस नाही, एखादं फारच जवळचं असेल तर करा, पण फ्रेम केलं की ते संपलं. आम्ही दोन दिवस येता-जाता बघतो, फोटो काढतो, मग मोडतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना देतो, त्यांचं आमच्याकडे येतं, अशी चार घरांत मिळून आता एकोणीस पझल फिरतायत आणि नवीन घ्यायची वेळ वर्षातून दोनदाच येते. देताना बॉक्सच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहायचं असं ठरलंय, तारीख, किती दिवस लागले, आणि सगळे तुकडे आहेत की नाही. बाजारपेठेच्या त्या बॉक्सच्या आत आईचं अक्षर आहे, "513 पूर्ण. सहा दिवस. हिरवी छत्री शेवटी घ्या, पानांत मिसळते."